दूर फेंकण्याची विद्या

फेंकणें ही क्रिया मनुष्यास कोणी शिकवावी लागत नाहीं, अशी आपणां सर्वांची समजूत असते. पाळण्यांतलें मूल खुळखुळा हातीं येतांच प्रथम तो तोंडांत घालतें आणि नंतर फेंकतें. पुढें गोट्या, विटीदांडू, लगोरी, चेंडू ह्या पायऱ्यांनीं तें वाढत जातें, आणि मोठेपणीं कोणी विचारलेंच तर, "दूर फेंकायला काय लागतें? हातांत जोर पाहिजे," एवढें उत्तर देऊन आपण मोकळे होतों. ह्या उत्तरांत सत्याचा अंश आहे. पण तो इतका थोडा आहे कीं, केवळ त्यावर विसंबून खांदे दुखवून घेणारांची संख्या लहान नसावी. दूर फेंकणें ही एक विद्या आहे. तिला क्रम आहे, नियम आहेत, आणि गायनाप्रमाणेंच तींतही बळापेक्षां वेळ साधण्यास अधिक किंमत आहे. गेल्या वर्षभरांत पुष्कळ पाहून, वाचून आणि घरांतील मुलांबरोबर स्वतः खटपट करून आम्हांस जें कळलें, तें आज वाचक बंधुभगिनींपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

निमित्त झालें तें असें. आमचें कुटुंब वेळापूरचें. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांतील हें गांव दोन गोष्टींसाठीं सर्वांस ठाऊक आहे : एक, तेथील यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचें मंदिर, आणि दुसरी, आषाढांत पंढरीस निघालेल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा येथें पडणारा मुक्काम. पालखी येते त्या दिवशीं तळावर पाय ठेवावयास जागा नसते. एरवीं वर्षभर मोकळें रान मुलांच्या मालकीचें असतें. गेल्या दिवाळींत आमचे एक पुतणे, जे नोकरीनिमित्त अमेरिकेंत असतात, सुटीवर घरीं आले, तेव्हां त्यांच्या पेटींतून खाऊच्या जोडीला प्लॅस्टिकच्या सात-आठ रंगीत तबकड्या निघाल्या. आमच्या मातोश्रींनीं त्या निरखून पाहिल्या, "एवढ्या दुरून झांकण्या कशाला रे आणल्यास?" असें विचारलें, आणि त्यांतली एक दुधाच्या पातेल्यावर बसते कीं काय हेंही पाहून घेतलें. ती बसली नाहीं, म्हणून मुलांच्या हवालीं झाली.

ह्या तबकडीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. अमेरिकेंत कनेक्टिकट प्रांतीं ब्रिजपोर्ट येथें फ्रिस्बी नांवाची एक भट्टी होती. तेथें 'पाय' नांवाचे सारण भरलेले गोड पदार्थ पत्र्याच्या ताटल्यांत भाजून विकीत, आणि रिकाम्या झालेल्या त्या ताटल्या विद्यार्थी एकमेकांकडे फेंकून खेळत. वॉल्टर मॉरिसन ह्या गृहस्थानें तयार केलेली प्लॅस्टिकची उडणारी तबकडी व्हॅम-ओ नांवाच्या कंपनीनें १९५७ सालीं बाजारांत आणली, आणि लौकरच त्या जुन्या ताटल्यांवरून तिला फ्रिस्बी हें नांव मिळालें. त्याच कंपनींतील एड हेड्रिक ह्यांनीं तिच्या पाठीवर बारीक कंगोरे काढून तिचें उड्डाण स्थिर केलें व १९६७ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. पुढें ह्याच हेड्रिकसाहेबांनीं खांबावर साखळ्या लावलेली एक लोखंडी टोपली बनविली, आणि गोल्फांतील चेंडू व खड्डा ह्यांच्या जागीं तबकडी व टोपली घालून 'डिस्क गोल्फ' हा खेळ रूढ केला. ह्या खेळाच्या व्यावसायिक खेळाडूंची संस्था १९७६ सालीं स्थापन झाली. हेड्रिक २००२ सालीं वारले, तेव्हां त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांची रक्षा कांहीं तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्यें मिसळण्यांत आली. हें ऐकल्यावर आमच्या मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग, "ज्याची त्याची चंद्रभागा!" असें म्हणून वाती वळावयास लागल्या.

खेळाचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो : ठरलेल्या जागेपासून टोपलीपर्यंत जो सर्वांत कमी वेळां फेंकून पोंचेल तो जिंकला. आमच्याकडे लोखंडी टोपली कोठून असणार? मुलांनीं एक बांबूची पाटी निंबाच्या फांदीस टांगली, तिच्याभोंवतीं सायकलच्या जुन्या साखळ्या लोंबत सोडल्या, आणि विहीर, गोठा, चिंच, बांध, तळाचा कोपरा अशीं नऊ ठिकाणें नेमून खेळ मांडला. आमच्या एकत्र कुटुंबांत आजीपासून नातवापर्यंत सोळा माणसें आहेत. तीं सर्व एकाच खेळांत गुंतल्याचा प्रसंग ह्यापूर्वीं पत्त्यांखेरीज दुसऱ्या कशानें आलेला आम्हांस स्मरत नाहीं.

पहिल्याच दिवशीं एक कोडें पडलें. घरांत तालमीचा नाद असलेला एक तरुण आहे. त्याचा दंड पाहिला तर दोन माणसांस पुरेल असा. त्यानें सर्व बळ एकवटून तबकडी भिरकावली, तर ती एकदम वर चढली, क्षणभर थबकली, आणि तीस-पस्तीस पावलांवर डावीकडे कलून मुकाट्यानें खालीं आली. उलट अमेरिकेहून आलेले पुतणे अंगानें अगदीं किरकोळ. चार पावलें संथपणें टाकून त्यांनीं हात सोडला, तों तबकडी जमिनीपासून पुरुष-दोन पुरुष उंचीवरून सरळ जात जात तळाच्या पलीकडच्या बांधावर पोंचली. मुलांनीं टेपानें मोजलें, तों शंभर मीटरांस थोडें कमी भरलें. ह्या खेळांतील मोठमोठ्या कसबी लोकांचीं अंतरें तर ऐकूनच खरीं मानावीं लागतात. डेव्हिड विगिन्स धाकटे ह्यांनीं २०१६ सालीं नेवाडाच्या वाळवंटांत, वारा पाठीशीं घेऊन, ३३८ मीटर तबकडी फेंकली. म्हणजे दीड फर्लांगाहून अधिक! पावणेदोनशें ग्रॅमांच्याही आंतली एक वस्तु केवळ हातानें एवढी दूर जाते, तेव्हां तेथें दंडाच्या घेराखेरीज दुसरें कांहीं काम करीत असलें पाहिजे, हें उघड आहे.

ह्याचा पुरावा इतिहासांतही सांपडतो. १८९६ सालीं अथेन्स येथें अर्वाचीन ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हां थाळीफेंक हा ग्रीकांचा परंपरागत मान समजला जात होता. रॉबर्ट गॅरेट नांवाच्या अमेरिकन विद्यार्थ्यानें खरी थाळी कधीं पाहिलेलीही नव्हती. जुन्या वर्णनांवरून त्यानें एक लोखंडी थाळी घडवून घेतली. ती इतकी जड झाली कीं तिच्याशीं झगडून त्यानें तो नाद सोडून दिला. अथेन्सला गेल्यावर खरी थाळी फार हलकी असते असें त्यास दिसून आलें, म्हणून तो सहज स्पर्धेंत उतरला, आणि २९.१५ मीटर फेंक करून ग्रीकांच्या घरांत त्यांचा मान घेऊन गेला. आज त्याच थाळीफेंकींत लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्ना ह्यानें २०२५ सालीं ७५.५६ मीटर अंतर गांठलें आहे. पुरुषांची थाळी दोन किलोंची व फेंकण्याचें वर्तुळ अडीच मीटरांचें. माणसाचा दंड सव्वाशें वर्षांत अडीचपट झालेला नाहीं. व्यायाम व आहार सुधारले हें खरें, पण त्यांच्या बरोबरीनें फेंकण्याची रीत सुधारली.

आतां जी गोष्ट सांगावयाची, ती आमच्या घरची आहे, आणि तिच्यामुळेंच हा लेख लिहावासा वाटला. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पंधरा वर्षांची आहे. शाळेंत तिला थाळीफेंकीची गोडी लागली. स्त्रियांची थाळी एक किलोची असते. पहिल्या वर्षीं तिची फेंक अठरा मीटरांच्या आसपास जात असे, आणि कितीही जोर केला तरी ती पुढें सरकेना. मग मुलीनें अधिक जोर लावला. दिवसांतून शंभर-शंभर वेळां फेंकूं लागली. दोन महिन्यांत तिचा उजवा खांदा असा दुखूं लागला कीं, वेणी घालावयास हात वर नेतां येईना. तिला खेळ शिकविणाऱ्या एका गृहस्थांनीं घरीं निरोप धाडला कीं, मुलीच्या हाडांपेरांत जोर नाहीं, हा खेळ तिच्यासाठीं नव्हे, तिनें हा नाद सोडावा हें बरें. घरांतील वडील मंडळींतही दोन मतें झालीं. "मुलीच्या जातीनें हात मोडून घेतला तर पुढें काय?" हें वाक्य आमच्या घरांत ह्यापूर्वीं किती पिढ्या बोललें गेलें असेल कोणास ठाऊक, ह्या वेळींही तें बोललें गेलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें थाळी माजघरांतल्या फडताळांत ठेवून दिली. अकलूजच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांस दाखविलें, तेव्हां त्यांनीं तीन आठवडे विश्रांति सांगितली आणि जातां जातां एक प्रश्न विचारला : "ही फेंकते ती कशानें? सगळें हातानेंच फेंकत असेल तर खांद्यानें तक्रार करावी हेंच योग्य." त्यांचा हा प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला.

त्याचें उत्तर मिळालें तें शेतांत. नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी आल्यापासून आमच्या बाजूस ऊंस पुष्कळ वाढला व जोंधळ्याचें रान कमी झालें. तथापि हुरड्यापुरता व घरच्या भाकरीपुरता जोंधळा आम्ही अजून करतों, आणि कणसांत दाणा भरला म्हणजे पांखरें राखावयास एक वृद्ध बाई माळ्यावर बसतात. वयानें त्या सत्तरीच्या पुढें, वजनानें आमच्या तबकडीहून थोड्याच अधिक असें मुलें म्हणतात. पण त्यांच्या हातची गोफण सुटली म्हणजे गुंडा सबंध पट्टी ओलांडून पलीकडच्या बाभळींत जाऊन पडतो, आणि गोफणीच्या दोरीचा असा कडाका निघतो कीं थव्याचा थवा भर्रकन उठतो. मुलगी खांदा धरून बांधावर बसलेली पाहून त्यांनीं विचारपूस केली, आणि मग म्हणाल्या, "अगं बाय, निसत्या हातानं धोंडा जात न्हाई. पाय रोव, कंबर फिरव. हात काय, त्यो आपसूक येतुया मागनं."

हें वाक्य आम्हीं त्याच रात्रीं अमेरिकेंतील पुतण्यांस फोनवर ऐकविलें. ते हंसले व म्हणाले, "काका, ह्याच गोष्टीसाठीं इकडे लोक पैसे देऊन शिकवणी लावतात."

गोफण कशी चालते तें पाहिलें म्हणजे सर्व विषय उलगडतो. मध्यें विणलेली पट्टी, तिच्या दोन बाजूंस दोन दोऱ्या. एका दोरीच्या टोंकास फांस असतो, तो बोटांत अडकवावयाचा. दुसरें टोंक चिमटींत धरावयाचें आणि नेमक्या क्षणीं सोडावयाचें. दोरीमुळें हाताची लांबी वाढते, आणि तोच हात तेवढ्याच वेळांत फिरला तरी टोंकाशीं असलेला गुंडा कितीतरी अधिक वेगानें जातो. पण हात तरी कशानें फिरतो? बाईंकडे लक्ष देऊन पाहिलें, तर त्यांचा डावा पाय प्रथम पुढें रुतून बसतो. मग कंबर वळते. कंबर अडली कीं खांदा पुढें येतो. खांदा अडला कीं कोंपर. आणि सर्वांच्या शेवटीं मनगट. ज्या भगिनींनीं विहिरीवर ओलें लुगडें झटकलें आहे त्यांस हें सांगावयास नको. झटकतांना हात जोरानें पुढें जाऊन एकदम थांबतो, आणि हाताची गति लुगड्याच्या टोंकाशीं धांवत जाऊन फट्‌कन आवाज होतो. हात थांबला नाहीं तर आवाज होत नाहीं. बैलामागच्या आसुडाचेंही तेंच. जड भागानें आपली गति हलक्या भागास द्यावी व स्वतः थांबावें, हा त्यांतला नियम. माणसाच्या शरीरांत जड भाग म्हणजे मांड्या व कंबर. हलका भाग म्हणजे बोटें. जो नुसत्या हातानें फेंकतो तो घरांतल्या सर्वांत लहान मुलाच्या डोक्यावर सगळ्या घराचें ओझें देतो.

ही दृष्टि आल्यावर तबकडी आणि थाळी ह्या दोहोंची रीत समजून घेणें सोपें झालें. थाळी जड, तबकडी हलकी; थाळी फेंकणारा दीड गिरकी घेतो व तळहात खालीं धरून फेंकतो, तबकडी फेंकणारा आडवा उभा राहून उलट्या हातानें फेंकतो; तरी आंतील नियम एकच आहेत. ते आम्ही येथें क्रमानें देतों. उजव्या हाताचा फेंकणारा धरला आहे. डावखुऱ्यानें उलट समजावें.

पहिली गोष्ट पायांची. तबकडी फेंकतांना उजवा खांदा निशाणाकडे करून आडवें उभें राहावें. उजवें पाऊल, मग डावें त्याच्या मागून, आणि पुन्हा उजवें, अशीं तीन पावलें संथपणें टाकावीं. धांवत येण्यानें अंतर वाढतें हा भ्रम आहे. पालखीच्या वाटेवर वेळापूरच्या अलीकडे वारकरी धावा करतात ती धांव भक्तीची, येथें तिचें काम नाहीं. शेवटलें उजवें पाऊल घट्ट टेंकल्यावांचून हात पुढें आणूं नये. हा पुढचा पाय म्हणजे बिजागरीचा खुंटा. खुंटा पक्का तर दार जोरानें फिरतें; खुंटा हालला तर सगळें दारच ढकललें जातें. थाळीफेंकींत हेंच काम डावा पाय करतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. पाय रोवल्यावर कंबर निशाणाकडे वळूं लागते, तेव्हां खांदे व हात मागेंच राहिले पाहिजेत. त्या क्षणीं पाठींत व बरगड्यांत जो पीळ पडतो, त्यांत सर्व शक्ति सांठते. पिळलेलें धोतर जसें सोडतांच उलगडतें, तसा तो पीळ उलगडूं द्यावा. घाई करून हात आधीं ओढला कीं पीळ पडत नाहीं, आणि मग जें कांहीं होतें तें खांद्याच्या खर्चानें होतें. आमच्या मुलीचें दुखणें होतें तें हेंच.

तिसरी गोष्ट रेषेची. तबकडी मागें नेतांना व पुढें आणतांना ती एका सरळ रेषेंत, छातीजवळून यावी. पुष्कळ लोक हात शरीराभोंवतीं गोल फिरवितात. त्यानें खांदा चेपतो, तबकडी कोणत्या क्षणीं सुटेल ह्याचा नेम राहत नाहीं, आणि निशाण पूर्वेस तर ती जाते आग्नेयेस. कोंपर छातीपासून दूर, पुढें राहिलें पाहिजे. मिठी मारल्यासारखा हात चिकटूं नये. तबकडी उजव्या छातीशीं आली कीं कोंपर उघडावें व शेवटीं मनगट सुटावें.

चौथी गोष्ट पकडीची. चारी बोटें तबकडीच्या काठाखालीं वळवून आंगठा वर ठेवावा. आरंभापासून मूठ आवळून धरली तर सबंध हात ताठ होतो, आणि ताठ आसूड वाजत नाहीं. प्रथम सैल, आणि सुटण्याच्या ऐन क्षणीं घट्ट, असें धरावें. म्हणजे तबकडी हातांतून सोडावी लागत नाहीं. ती स्वतःच हिसकून निघते आणि तिला भरपूर फिरकी मिळते. फिरकीवांचून तबकडीला स्थैर्य नाहीं. फिरणारा भोंवरा जसा आपल्या आरीवर उभा राहतो व थांबला कीं लोळतो, तसेंच हें. तळ्यावर चपटी खापरी फेंकून टप्पे काढणाऱ्या मुलांस हें अनुभवानें ठाऊक असतें. ह्या टप्प्यांचा अभ्यास फ्रान्समधील शास्त्रज्ञांनींही केला असून, दगड पाण्याशीं सुमारें वीस अंशांचा कोन करून आदळला असतां टप्पा उत्तम निघतो, असें त्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे आपण नदीवर जें करीत आलों तें निव्वळ पोरखेळ नव्हतें!

पांचवी गोष्ट कलाची, आणि घरांतील तालीमबाज तरुणाचें कोडें सुटतें तें येथें. तबकडी हातांतून निघतांना तिचा पुढचा काठ वर उचललेला असेल तर वारा पोटाखालीं शिरतो, ती चढते, वेग गमावते आणि खालीं येते. जितका जोर अधिक तितकी ती अधिक चढते. म्हणून बलवानाचें नुकसान अधिक! पंगतींत आमटीची वाटी भरलेलें ताट नेणारा माणूस ताट जसें सपाट ठेवतो, तशी तबकडी सपाट ठेवावी, आणि किटलींतून चहा ओततांना मनगट जसें किंचित् खालीं कलतें तसें कलवावें. एवढ्या एका सुधारणेनें आमच्या त्या तरुणाची फेंक एका आठवड्यांत तीस पावलांवरून साठांवर गेली. दंड होता तोच राहिला.

सहावी गोष्ट वाऱ्याची. जड थाळीला समोरचा मंद वारा लाभदायक ठरतो, कारण तो तिला उचलून धरतो. हलक्या तबकडीचें तसें नाहीं. समोरच्या वाऱ्यांत ती जणूं अधिक वेगानें जात असल्याप्रमाणें वागते, उजवीकडे उलथूं पाहते, व हिशेब चुकतो. धारदार काठाच्या तबकड्या दूर जातात खऱ्या, परंतु त्यांस वेगही तसाच मोठा लागतो. म्हणून नवशिक्यानें जाड, बोथट काठाची तबकडी घेऊनच अभ्यास करावा. रीत चुकली कीं ती लगेच चुगली करते, आणि तीच तिची थोरवी. सुमारें १०० किलोमीटर ताशी वेगानें सपाट सोडलेली तबकडी शांत हवेंत १२० मीटरांच्या आसपास जाते. त्यापुढचा प्रत्येक मीटर कष्टानें मिळवावा लागतो.

शेवटची गोष्ट, सुटल्यानंतरची. तबकडी गेली म्हणून शरीर तेथेंच आंखडूं नये. खांदे व मागचा पाय वळणाबरोबर पुढें येऊं द्यावे, आणि पुढचा पाय टांचेवर फिरूं द्यावा. नाहीं तर राहिलेली सर्व गति गुडघ्यांत व खांद्यांत जिरते, व तीच पुढें दुखण्याच्या रूपानें व्याजासह परत येते.

मुलीनें तीन आठवडे विश्रांति घेतली, आणि नंतर दीड महिना थाळी हातांत धरलीच नाहीं. प्रथम नुसतीं पावलें, मग हात बांधून कंबरेची फिरत, मग तबकडी, मग गोफण, आणि सर्वांच्या शेवटीं थाळी. एक दिवसाआड चाळीस फेंकी, त्याहून अधिक नाहीं. तिचा भाऊ मोबाइलवर तिचें संथ चित्रण करी, आणि रात्रीं जेवणानंतर सगळें घर तें पाहत बसे. आपण काय करतों असें आपणांस वाटतें आणि प्रत्यक्षांत काय करतों, ह्यांत किती अंतर असतें, हें त्या संथ चित्रांइतकें स्पष्ट दुसरें कांहीं सांगत नाहीं. मुलीची आई, जिनें आधीं थाळीचें नांव काढूं नये म्हटलें होतें, तीच एक दिवस स्वयंपाकघरांतून बाहेर येऊन म्हणाली, "अगं, तुझा पाय टेंकण्याच्या आधींच हात निघतो आहे." तिला कोणी शिकविलें नव्हतें, पण लुगडें झटकण्याचा अभ्यास पंचवीस वर्षांचा होता.

माघांत तालुक्याच्या एका स्पर्धेंत मुलगी उतरली. तिची फेंक तेवीस मीटर व कांहीं सेंटिमीटर गेली, आणि तिचा नंबर चौथा आला. चौथ्यास पदक नसतें. ती रात्रीं पुष्कळ रडली हेंही सांगितलें पाहिजे. कारण अशा लेखांत शेवटीं सर्वांस पहिलें बक्षीस मिळतें, तसें येथें झालें नाहीं. परंतु खांदा दुखला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें आपली वेणी आपण घातली आणि थाळी घेऊन तळावर गेली. फडताळाची जागा तेव्हांपासून रिकामीच आहे.

"जोर नाहीं" हा निकाल आपण मुलांविषयीं किती लौकर देतों! आमच्या जिल्ह्याच्या शेजारीं सांगली जिल्ह्यांत, आटपाडी तालुक्यांतील करगणी ह्या गांवचे सचिन खिलारी ह्यांचा डावा हात लहानपणीं झालेल्या सायकलच्या अपघातामुळें अधू झाला. त्यांनींच २०२४ सालीं पॅरिस येथील पॅरालिंपिक सामन्यांत गोळाफेंकींत १६.३२ मीटर फेंक करून रौप्यपदक मिळविलें. फेंकणाऱ्याचा रिकामा हातही तोल सांभाळण्याचें काम करीत असतो, हें ज्यानें अभ्यासिलें असेल त्यास ह्या पराक्रमाचें मोल अधिक कळेल. स्त्रियांविषयीं म्हणावें तर कृष्णा पुनिया ह्यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत ६१.५१ मीटर थाळी फेंकून सुवर्णपदक जिंकलें तेव्हां त्या एका मुलाच्या माता होत्या. अंगांत जोर असणें चांगलेंच. तो व्यायामानें वाढवावा. पण आहे त्या जोराचा मार्ग मोकळा करणें हें त्याच्या आधींचें काम आहे, आणि तें आपल्या हातचें आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची घरें शहरांत आहेत. तेथें पालखीतळ नाहीं, कोणाकोणाकडे अंगणही नाहीं. तरी गच्चीवर तीन पावलें टाकण्यापुरती जागा असते, आणि जवळ एखादें मैदान असतेंच. तबकडी फार महाग नसते. रविवारीं सकाळीं घरांतील सर्वांनीं, विशेषतः ज्यांस आजवर कोणी "तूंही फेंक" असें म्हटलें नाहीं त्या भगिनींनीं, एकदां फेंकून पाहावें. मोकळ्या जागेंत, समोर माणूस नाहीं असें पाहून फेंकावें. आधीं दहा मिनिटें खांदे, कंबर व गुडघे हलवून घ्यावे. आणि दुखूं लागतांच थांबावें. प्रथम प्रथम ती शेजाऱ्यांच्या आवारांत जाईल, झाडांत अडकेल, क्वचित् मागेंही जाईल. त्याची लाज धरूं नये.

आमच्या मातोश्रींचें वय ब्याऐंशीं आहे. त्या बसल्या जागेवरून, पाय न रोवतां, कंबर न फिरवितां, ओसरीवरून अंगणांतल्या तुळशीपर्यंत तबकडी टाकतात. अंतर अकरा पावलें भरतें, आणि ह्या महिन्यांत तें एका पावलानें वाढलें आहे असा त्यांचा आग्रह आहे. टेप आणून मोजण्याचें धैर्य घरांत अजून कोणी केलेलें नाहीं.